हलवलेल्या बल्बांची सरासरी

“एक बल्ब गेला म्हंजे कंपनी खोटी व्हय, ताई?” बारामतीच्या दुकानात दुकानदार मोहनराव हसले. “हजार तास जळतो, ही सरासरी हाय. एखादा आधी जातो, एखादा मागनं.”

“सरासरी मला शिकवू नका. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला केलंय.”

१९९६ साल होतं. पिंपळी गावात सुकन्याचं हे शिक्षण सासरी कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं. घर मूळचं मेंढरांचं. मेंढरं विकून तिनं कोंबड्यांची शेड घातली होती. कोवळ्या पिल्लांना ऊब बल्बांचीच. मागच्या खेपेला मोहनरावांचे बल्ब पटापट गेले आणि गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरली. आता नवी पिल्लं यायची होती आणि घरात त्याच बल्बांची अख्खी पेटी पडून होती.

“मग करा सिद्ध. स्टॅबिलायझर लावून तीस बल्ब जाळा. सरासरी लईच खाली आली, तर पेटी परत घेतो.”

सुकन्यानं पेटीतले वाटेल ते तीस बल्ब काढून रिकाम्या शेडीत टांगले. प्रत्येकाखाली भिंतीवर खडूनं तास मांडायचे. लाईट गेली की मोजणी थांबायची, बल्ब गेला की त्याचा आकडा कायमचा थांबायचा.

एके दुपारी ती रानातनं आली, तर सकाळी गेलेला बल्ब लख्ख पेटलेला. खाली सासरे, बिरूआबा, हात झटकत उभे.

“आबा, हा गेला होता ना?”

“गेलता. हलवला. आतली तार तारेला चिकटली, लागला की!”

“असे किती हलवले?”

“ध्यान न्हाय. तू नसताना जाईल त्यो हलवला. जल्मलेलं कोकरू हललं न्हाय तर टाकून देतो व्हय आपुन? पाय धरून झुलवायचं. निम्मी जगत्यात.”

“आबा, मला मेलेलेच पायजे होते!”

“असं वंगाळ बोलू न्हाय, पोरी.”

सुकन्या खाद्याच्या पोत्यावर मटकन बसली. कुठला कधी मेला, आता देवालाच ठाऊक. मग डोक्यात आलं, हलवून आयुष्य वाढलंय, घटलं तर नाही! आबांनी वाढवलेले तास कंपनीच्याच पदरात. शेवटचा बल्ब जाईपर्यंत ती थांबली. सगळं धरूनही सरासरी जेमतेम सहाशे. हजाराचा दावा खरा असता, तर तीस बल्बांची सरासरी निव्वळ नशिबानं इतकी घसरलीच नसती.

पेटी घेऊन तिनं दुकान गाठलं. गणित सांगितलं आणि प्रामाणिकपणे हलवल्याचंही.

मोहनरावांचे डोळे चमकले. “बल्ब हलवले? हलवलेला माल कंपनी घेत न्हाय.”

“अहो, त्यानं तुमचीच सरासरी वाढली!”

“मग कंपनीतर्फे आबांना रामराम सांगा.”

गिऱ्हाइकं खदाखदा हसली.

“आणि पेटीतले राहिलेले? त्यांना कुणी हात लावलाय?”

“त्यांचं कुठं काय सिद्ध झालंय?”

सुकन्यानं पेटी दाणकन फळीवर आदळली. “मग ठेवा तुमच्याकडंच. पिल्लं परवा येत्यात माझी!”

ती तरातरा पलीकडच्या गल्लीत लोहाराकडं गेली. आता कोळसा पेटवून राखत बसायचं, दुसरं काय! तिनं दोन मोठ्या शेगड्या काढायला सांगितल्या.

“बेस निवडल्या, ताई,” लोहार शेगडीवर थाप मारत म्हणाला. “आमची शेगडी सरासरी धा वर्सं—”

“गप ऱ्हावा!” सुकन्या कडाडली. “काय सांगू नका. निसत्या द्या.”