समुद्राला जागा लागत नाही

गेल्या महिन्यात एका रविवारी कणकवलीला कॉम्प्युटरचा ड्राइव्ह घ्यायला गेलो होतो. घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो... कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ, पण जमीन खरी. उपग्रहाच्या फोटोंतून बनवलेली.

खेळ माझा, पण या वेळी ड्राइव्ह बाबांसाठी हवा होता.

दीड वर्षापूर्वी दादा घेऊन गेला ती आमची होडी उलटली. मिठबावच्या समोर, किनारा दिसेनासा होतो त्याच्या थोडं पुढे. बरोबरचे दोघे दुसऱ्या होडीला सापडले, माझा मोठा भाऊ सापडला नाही.

तीन दिवस हेलिकॉप्टर फिरलं. बाबा तिन्ही दिवस वाळूत उभे होते. "माका वर घेवा, मी दाखयतंय," म्हणून येईल त्या साहेबाला हात जोडत होते. कुणी कसं नेणार? चौथ्या दिवशी शोध थांबला आणि बाबांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की त्या लोकांनी नीट बघितलंच नाही.

नीट शोधलं नाही म्हणजे दादा गेला नाही. त्यांनी दिवसकार्य करू दिलं नाही. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत. पण भटजींचं नाव काढलं की ते जेवणावरून उठायचे.

आणि वहिनी? तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हे गावातल्या बायकांना कळेना. कुंकू लावायचं की नाही, हे तिलाही कळेना. रडायची चोरी... कारण रडलं तर दादा गेला असं होतं.

मी वर्षभर सिम्युलेटरला हात लावला नव्हता. एका दुपारी सहज चालू केला, तर बाबा दारात उभे. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ह्यात आपलो दर्या आसा?"

माझी जुनी हार्ड डिस्क म्हणजे बैलगाडी. खालून उडालं की जमीन वेळेत येतच नाही, नुसता हिरवा चिखल दिसतो. शिवाय आमच्याकडचं नेट वाऱ्यावर, त्यामुळे सगळा नकाशा आधीच उतरवून ठेवावा लागणार होता.

दुकानात गेलो तेव्हा मनात मोठी हार्ड डिस्क होती. समुद्र केवढा मोठा, जागा भरपूर लागेल असा माझा हिशेब. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो बरं का... आणि अक्कल ही एवढी.

दुकानदार वयस्कर, आमच्याच बाजूचा माणूस. त्याने आधी विचारलं, "उडतलो कोण, आणि खंय?" मी म्हटलं, बाबा. समुद्रावर, अगदी खालून.

"दर्याक जागा लागणा नाय रे," तो म्हणाला. "दर्याचे खरे फोटो नसतत. सगळ्याकडे तांच पाणी, कॉम्प्युटर आपणच काढता." जागा कमी चालेल, वेग बघ, म्हणाला. मी एक टीबीचा एसएसडी, म्हणजे छोटा पण वेगवान ड्राइव्ह, घेतला. क्लासच्या नेटवर दोन दिवस लावून रेडीपासून देवगडपर्यंतचा किनारा त्यात भरला.

समुद्राचं ते बाबांना सांगावं की नाही, हे गाडीवरून घरी येईपर्यंत ठरलं नाही. शेवटी नाही सांगितलं. भ्यालो, दुसरं काय.

बुधवारी चहा झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं. जॉयस्टिक त्यांनी सुकाणूसारखी धरली. हेलिकॉप्टर किती उंचावर होतं ते त्यांनी तीन दिवस बघून मापून ठेवलं होतं. "धा माडांएवडा उंच होता ता," म्हणाले. मी सहाशे फूट धरले, दिशा मी कीबोर्डवरून सांभाळत होतो.

पश्चिमेला गेलो. वळलो, परत आलो, परत वळलो. खाली निळं पाणी, सगळीकडे सारखं. "असा पाणी आपल्याकडे नसता," एवढंच ते पुटपुटले, पण नजर हलली नाही.

मग म्हणाले, "आता आपल्या किनाऱ्यार घे. ह्याच उंचीर."

किनारा आला. नवीन ड्राइव्हमुळे एकदम लख्ख... माड, कौलं, वाळू, सगळं. त्यांनी थांबवायला लावलं. "होड्यो खंय आसत?"

मी वाळूतल्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवून ते स्क्रीनला नाक लागेपर्यंत पुढे झाले. त्यांनी आयुष्यभर ओढलेल्या होड्या होत्या त्या.

"होडी तांदळाएवडी दिसता," ते हळू म्हणाले. "मगे दर्यात माणूस खंयसून दिसतलो रे तेंका?"



त्यांनी जॉयस्टिक सोडली. "उगाच गाळी घातलंय तेंका." मग उठता उठता, माझ्याकडे न बघता, "भटाक बोलाव."

परवा कार्य झालं. अग्नी बाबांनीच दिला. बापाने मुलाला... ते मी लिहू शकत नाही. खुर्चीत ते परत बसलेले नाहीत. ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त रिकामा आहे. त्या दुकानदाराला फोन करून आभार मानायचे होते, पण कशाबद्दल म्हणून सांगणार? म्हणून इथे लिहिलं.

कार्यानंतर वहिनीने मंगळसूत्र स्वतःच काढलं, आईच्या हातात दिलं आणि ओसरीवर बसून मोठ्याने रडली. दीड वर्षात पहिल्यांदा. तिला कुणी गप्प केलं नाही... बाबा तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि तेव्हा मला कळलं, की या रडण्यासाठी आम्ही तिला दीड वर्ष थांबवून ठेवलं होतं.