रडण्याच्या जागा

बदलापूरला मांजर्लीत मी ज्या घरी कामाला आहे, तिथं रविवारचा पिक्चर बघायची एक पद्धत काकांनी पाडलेली. नुसता बघून उठायचं नाही. पिक्चर संपला की त्यातला एक सीन परत लावायचा आणि टीव्हीचा आवाज बंद करायचा. डायलॉग नाही, म्युझिक नाही, समोर फक्त माणूस. त्यात जो नट टिकला तो पास. बाकीचे नापास, मग पोस्टरवर त्यांचं तोंड कितीही मोठं असो.

काका म्हणजे माझे पेशंट. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांना स्ट्रोक आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोनं मला पाठवलं ते त्यानंतर. म्हणजे ज्या माणसाला मी रोज अंघोळ घालतो, भरवतो, कूस बदलून देतो, त्याचा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. त्यांचे मित्र कधी कधी त्यांची नक्कल करायचे, "साउंड काढा, साउंड काढा, बघू द्या पठ्ठ्याला!" असं घोगऱ्या आवाजात. तेवढीच माझी ओळख.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली. इकडे आलो तेव्हा आधी शहाडला एका कंपनीत हेल्पर होतो, मग ओळखीच्या एकानं ब्युरोत नाव घातलं. या घरात मला स्वतःची खाट आहे, आणि जे त्यांच्या ताटात तेच माझ्या ताटात. पहिल्या रविवारी पिक्चर लागला तेव्हा मी सवयीनं फरशीवर बसलो, तर काकू म्हणाल्या, "खुर्ची काय शोभेला ठेवलीय? बस वर." बोलण्यासारखी गोष्ट नाही ही. पण ज्या घरांत माझा पेलासुद्धा मोरीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवलेला असायचा, तिथून मी आलो होतो. त्या खुर्चीवर मी बरेच दिवस अर्धाच बसायचो.

येणारे मित्र दोघं. एक लॅबवाले, काकांच्याच कारखान्यात लॅबोरेटरीत होते, अंबरनाथहून यायचे. दुसरे शेठ. उल्हासनगरात त्यांचं कपड्यांचं दुकान आहे, सिंधी आहेत, आणि मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरले ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.

"काय काम केलंय यार!" शेठ सुरुवात करायचे. "साईं, तो पोरीला होस्टेलवर सोडून मागे फिरतो ना, मेरे तो रोंगटे खडे हो गये."

"ते व्हायोलिननं उभे केले," लॅबवाले म्हणायचे. "मार्क वाजवणाऱ्याला द्या. आवाज बंद करा आणि मग बोला."

आवाज बंद व्हायचा. दोघं पुढं झुकायचे.

"हं, बघा आता. भुवई सोडून काही हलतंय का? मागच्या पिक्चरमध्ये पोलीस होता, त्याच्या आधी वकील. भुवई तीच. नुसता कोट बदलला."

"अरे हिरो आहे तो! हिरोकडे रेंज मागायची नसते. तुम्ही वडापावमध्ये पनीर शोधता."

"आणि तुम्ही सगळ्यांना एकच माप घालता. दुकानातली सवय."

मग लॅबवाले माझ्याकडे वळायचे. "आमचे पंच काय म्हणतात?"

"चांगलं केलं जी."

"जी! याच्या शाळेत कोणी नापासच होत नाही जी!"

सगळे हसायचे, मीही हसायचो. बोलायला नव्हतं असं नाही. पण शिकलेल्या माणसांसमोर मत मांडायचं म्हटलं की मी आधी मनात शब्द जुळवत बसतो. वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढं गेलेला असतो.

मी आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात एका पिक्चरच्या वेळी काका मित्रांसमोर पहिल्यांदा रडले. एक रिटायर पोस्टमास्तर असतो, मुलीनं दूर नेऊन ठेवलेला, आणि तो गावच्या ऑफिसचा फोन लावून नुसता ऐकत बसतो. तिथं काकांचं तोंड वाकडं झालं, आणि ते मोठ्यानं, लहान मुलासारखे रडायला लागले. शेठनी घाबरून टीव्हीच बंद केला. काकूंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"आत सगळं पोचतंय त्याच्या," लॅबवाले म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

पुढच्या रविवारी दुसरा पिक्चर, तिथंही रडले. मग दोघांनी ठरवलं की याला त्रास होईल असं काही दाखवायचं नाही. शेठ शनिवारी घरी पिक्चर आधी बघायचे आणि रडण्याच्या जागा कागदावर लिहून आणायचे. अमुक मिनिटाला आई मरते, तमुक मिनिटाला भाऊ घर सोडतो. रविवारी रिमोट त्यांच्या हातात. जागा जवळ आली की ते पिक्चर पळवायचे. पडद्यावर माणसं मुंग्यांसारखी धावायची, आणि एकदम दिसायचं की बाई पांढऱ्या साडीत आहे. काय झालं ते आम्हाला कळायचं, पण झालेलं आम्ही बघायचो नाही. आणि उरलेल्या पिक्चरवर दोघं नटांना मार्क द्यायचे. आवाज बंद करायचं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं, कारण जो सीन परत लावावा तोच पळवलेला असायचा.

तरी काका रडायचे. एका विनोदी पिक्चरमध्ये गाढव घरात शिरतं, तिथंही रडले. त्या दिवशी लॅबवाले चहा न घेता उठले. दाराशी काकूंना म्हणाले, "वहिनी, आपण बंद करू हे. आमची मजा होते आणि त्याचे हाल. फोनवर बोलत जाऊ."

काकू म्हणाल्या, "मलाही बघवत नाही हो."

तीन रविवार कोणी आलं नाही.

आता मला काय माहीत होतं ते सांगतो. याआधी मी उल्हासनगरात एका आजोबांकडे होतो. त्यांनाही स्ट्रोक होता आणि तेही असेच रडायचे. त्यांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, हे रडणं मनातलं नसतं, मेंदूला मार लागल्यामुळे होतं. नळाचा वायसर गेला की पाणी गळतं, तसं. काकांचं मी बघत होतो. ते दात घासताना रडायचे. शिंक आली तरी रडायचे. काकू खोलीत आल्या की रडायचे आणि त्या गेल्या की थांबायचे. विचारून काही कळायचं नाही, कारण मान ते सगळ्यालाच हलवायचे. चहा हवा का, हो. नको का, तरी हो.

पण त्यांचा डावा हात चांगला होता. काही मनाजोगतं असलं की ते मांडीवरच्या चादरीची कड अंगठ्यानं आणि बोटानं चोळत राहायचे. मालिशला नाही, जेवताना नाही. मित्र भुवईवरून भांडायला लागले की अंगठा चालू. पोस्टमास्तर फोन लावून बसला होता, तेव्हा तोंड रडत होतं आणि अंगठा चालू होता. शेठ पिक्चर पळवायला लागले तेव्हापासून हात तसाच पडून राहायचा, पालथा.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कारण त्याच आजोबांच्या घरी मी एकदा त्यांच्या मुलाला म्हणालो होतो की त्यांना खोलीत अंधार नको वाटतो. मुलगा म्हणाला, "माझा बाप तू मला शिकवणार?" दुसऱ्या दिवशी ब्युरोचा फोन आला, सामान घेऊन ये म्हणून. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात लय बोलू नोको बाप्पा. आपलं काम कर." तेच मी धरून होतो. काकूंचं घर माझ्या हातून जाऊ नये, एवढंच रोज मनात असायचं.

एका बुधवारी शेठ आले. दुकानातून काकांसाठी मऊ इलॅस्टिकचे चार पायजमे आणले होते. आत आलेच नाहीत. दारातच पिशवी काकूंच्या हातात दिली. "मी नको, मला बघून परत रडेल तो," म्हणाले आणि वळले. मी आत काकांपाशी होतो. शेठचा आवाज ऐकला आणि चादरीची कड हलायला लागली. जिन्यावर चपला वाजल्या, आणि हात थांबला.

मी उठलो आणि खाली धावलो. तळमजल्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे, तिथं त्यांना गाठलं.

"शेठ, एक बोलायचं होतं जी."

"गावाला जायचंय?"

"नाही जी. काका रडतात ना, ते पिक्चरनं नाही रडत."

"मग कशानं रडतो?"

"दात घासतानाही रडतात. शिंकेनं रडतात. ते आपोआप होतं, त्यांच्या हातात नाही. तुम्ही ज्या जागा काढून टाकल्या, त्याच त्यांना बघायच्या असतात. त्यांच्या तोंडाकडे नका बघू. हात बघा."

हे मी इतकं सरळ बोललो नसेन. अडखळत, जी जी करत बोललो. शेठनी मला खालून वर न्याहाळलं.

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही जी. आठवी."

"आठवी." त्यांनी मान हलवली. "और मैं चालीस साल से उसका दोस्त हूं." एवढं म्हणून ते रिक्षात बसले. मी कठडा धरून उभा राहिलो. मला वाटलं, झालं. आता फोन येईल.

फोन आलाच, पण काकूंना. शेठनी सगळं सांगितलं. काकूंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, असू शकतं, नक्कीच असू शकतं, त्याला औषधही असतं, तुम्ही आधी बोलला का नाहीत? संध्याकाळी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तुला कधीपासून वाटत होतं हे?"

"आल्यापासून जी."

"पाच महिने?"

मी मान हलवली.

"पाच महिने मी ह्यांच्या उशाशी बसून विचारतेय, काय दुखतंय तुम्हाला, माझं काय चुकलं. मी आले की रडतात, म्हणून मी खोलीत जाणं कमी केलं. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

"भीती वाटली जी. घालवून द्याल म्हणून."

काकू गॅसकडे वळल्या. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. ताट मात्र तसंच वाढलं, पोळीला तूप लावून. घालवून दिलं असतं तर बरं, असंही मला त्या दोन दिवसांत वाटलं. मी माझी खाट सांभाळत होतो, आणि ती बाई दाराबाहेर उभी राहून नवऱ्याचं रडणं ऐकत होती.

रविवारी दोघं आले. शेठच्या हातात कागद नव्हता. पोस्टमास्तरचाच पिक्चर लावला, अर्धा राहिलेला, पहिल्यापासून. काका रडले. मध्येच थांबले, परत रडले. कोणी उठलं नाही. मी मधून मधून त्यांचं तोंड पुसत होतो. पिक्चर संपला. लॅबवाले घसा खाकरून म्हणाले, "फोनचा सीन लावा. आवाज बंद."

याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. टीव्हीचा आवाज गेला आणि खोलीत फक्त काकांचं रडणं राहिलं. पडद्यावरचा म्हातारा फोन कानाला लावून गप्प बसलेला, आणि इकडे हे. एवढ्या महिन्यांत ते मला कधी इतकं मोठं वाटलं नव्हतं.

"भुवई..." लॅबवाले म्हणाले आणि थांबले. मग परत म्हणाले, "भुवई वापरलीच नाही यानं. बघा. मान बघा, मान किती जड धरलीय."

"मान सोडा," शेठ म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. "रिसीव्हर बघा. कसा पकडलाय. दोन बोटांनी. जी वस्तू द्यायची नसते, ती मी गिऱ्हाइकाला अशी धरून दाखवतो."

"हे बरोबर आहे," लॅबवाले म्हणाले. "पण गेल्या पिक्चरमध्ये याच माणसानं माती खाल्ली होती."

"साईं, तो डायरेक्टरचा दोष!"

काकांना हुंदका आला, मोठा, अंग हलवणारा. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मित्रांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "बंद करायचं का रे?"

मी एवढ्या घरांत कामं केली, पण असं मला कोणी विचारलं नव्हतं. माझं चुकत असलं तर? अंगठा म्हणजे नुसती सवय असली, आणि हे रडणं खरं असलं तर? डॉक्टर "असू शकतं" म्हणाले होते, आहेच असं म्हणाले नव्हते. मी काकांच्या हाताकडे बघितलं. चादरीची कड हलत होती.

"राहू द्या," मी म्हणालो.

काकू आत आल्या आणि काकांच्या डाव्या बाजूला, हाताशेजारी बसल्या. शेठनी सीन परत पहिल्यापासून लावला.