आईसमोर विचारलेला प्रश्न

“गेल्या महिन्याभरात मरून जावंसं वाटलं का?” मी विचारलं मुलाला, उत्तर दिलं आईनं.

“काहून वाटन त्याले? ड्युटी करून राहिला, खाऊन-पिऊन राहिला!”

तिचा मुलगा विकास रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, एका प्लान्टमध्ये क्रेन ऑपरेटर. तो हसला. “सब ठीक है, दीदी.” घरात मराठी, पण पोरगा हिंदीत उत्तर देणारा. मी ‘नाही’वर टिक केली.

आत्महत्येचे विचार कुणाला आणि कशामुळे येतात, याचा आमचा रायपूरमध्ये सर्व्हे चालू होता. झोप उडणं, दारू, एकटेपणा अशा धोका वाढवणाऱ्या गोष्टींना आम्ही ‘रिस्क फॅक्टर’ म्हणतो. मुलाखत एकांतात घ्यायची, हा पहिला नियम. पण आपल्या लोकांत पाहुण्याजवळ कुणी बसलं नाही तर तो अपमान. चहा येतो आणि मागोमाग अख्खं घर येऊन बसतं. त्या माउलीला ‘उठा’ कसं म्हणायचं? बॉसना हे सांगून माझं तोंड दुखलं होतं. “ॲडजस्ट करा, मॅडम,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

उरलेले प्रश्न पुढच्या भेटीवर ठेवून मी निघाले. विकास मला स्कूटीपर्यंत सोडायला आला. मी हेल्मेट घालणार, तोच हळूच म्हणाला, “दीदी, वो मरने वाला सवाल फिर से पूछिए ना.”

मी हेल्मेट खाली ठेवलं. आणि विचारलं, सरळ त्याच शब्दांत.

“हाँ. रोज. आज भी.”

अशा वेळी सर्व्हे थांबतो. माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. मी तिथूनच बॉसना फोन लावला.

“फॉर्म तर पूर्ण झाला ना?”

“फॉर्म गेला खड्ड्यात, सर. गाडी पाठवा.”

त्यांनी पाठवली, लगेच.

“प्लान्ट में मत बताना,” विकास म्हणाला. “काम से निकाल देंगे.”

“प्लान्टला मी सांगणार नाही. पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. आणि आईला सांगायचं.”

तिथे तो अडला. शेवटी मी सांगितलं, तो शेजारी उभा राहिला. आई रडेल, ओरडेल अशी माझी तयारी होती. तिनं गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या.

“मले काहून नाही सांगतलं रे पोट्ट्या? चाल, मीबी येतो.”

गाडीत तिनं त्याचा हात सोडला नाही. मला मात्र रडू आवरेना.

उपचारांना वेळ लागला. आता तो परत ड्युटीवर आहे. आमच्या अहवालात तो नाही. अर्धवट मुलाखत म्हणून त्याचा फॉर्म बाद झाला.

हा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात मरणाचा विचार शिरत नाही. तेव्हा बेधडक विचारावा. फक्त आधी घरच्यांना उठवावं, चहा थंड झाला तरी चालेल.