पत्र्याच्या घरातला जिना

साल २०१८. मी सत्तावन्न वर्षांचा होतो. सातवी शिकून भरती झालेला आणि सहायक फौजदारापर्यंत पोचलेला, कुणापुढं मान न वाकवता. तो गुन्हा अजून डोक्यातून जात नाही.

आमचं ठाणं सातारा जिल्ह्याच्या कडेला, सांगलीला लागून. एक तरुण सून गोठ्यात घसरून, डोक्याला मार लागून मेली, अशी तिच्या नवऱ्याने खबर दिली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनामा मीच केला. दोन खोल्या, वर पत्रा, बाजूला गोठा. पुढं तिचा बाप ठाण्यात आला. सैन्यातला रिटायर सुभेदार, खुर्चीत ताठ बसला.

"आवं साहेब, आंघोळ घालताना बायकांनी बघितलं. पोरीचं मनगट वाकडं हाय. कवा मोडलं, आमाला कुणी कळवलं न्हाई. पडली का मारली, एवढं सांगा मला."

आधीच्या माराचा पुरावा मिळाला तरच खुनाचा तपास उभा राहणार होता. हाड मोडलं की आमच्याकडची माणसं सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मोठ्या दवाखान्यात जातात. ठाण्याचं पत्र घेऊन तिथं गेलो. सगळ्या नोंदी संगणकात. नाव घातलं, काही निघालं नाही.

"नाव ऱ्हाऊ द्या काका," नोंदी सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "एक डॉक्टर मनगट लिहितो, दुसरा हात लिहितो. पण प्रत्येक दुखण्याला ठरलेला आकडा असतो, तो सगळ्यांचा एकच. त्यानं शोधू."

"म्हणजे आमच्या कलमांसारखं. कुणीही लिहू दे, तीनशे दोन म्हणजे खून."

"तसंच. पण आमच्याकडं कलमं लय आहेत."

त्यांनी 'स्त्री' निवडून मोडलेल्या मनगटाचा आकडा घातला. गाव घालायचं राहिलं, तर संगणकाचा पडदा भरून बायकांची नावं आली. मग गाव घातलं आणि ती सापडली, दोन वेळा. आपल्याकडं लग्नात बाईचं नाव बदलतात. आम्ही सासरच्या नावाने शोधत होतो आणि तिचं आधार कार्ड अजून माहेरच्या नावाचं होतं. मोबाइल नंबर मात्र नवऱ्याचा, त्यावरून ओळख पटली. इजा कशाने झाली त्यालाही आकडा असतो. बाईंनी तो वाचला.

"जिन्यावरून पडणे. दोन्ही वेळा."

नवऱ्याला समोर बसवलं. हात लावला नाही, चहा दिला. खोटं बोलणारा माणूस मारापेक्षा शांत बसलेल्या पोलिसाला जास्त घाबरतो.

"मनगट कशानं मोडलं रं?"

"जिन्यावरनं पडली."

"चल, जिना दाखव."

त्याने कप खाली ठेवला. "दवाखान्यात मी सांगितलं साहेब. ती शेजारीच हुती. तिनं कुठं न्हाई म्हटलं?"

मग कबूल झाला, आणि तिच्या डोक्यात घातलेला खोऱ्याचा दांडा त्यानेच पंचांसमोर काढून दिला.

सुभेदाराला सांगितलं, "मारली." तो उठला, "बरं झालं कळलं," म्हणाला आणि दाराकडं जायचं सोडून जावयाच्या कोठडीकडं चालायला लागला. मी हाताला धरून बाहेर नेलं.

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला मात्र दवाखान्यातला तो भरलेला पडदा दिसत होता, ओळीओळीला तेच दोन आकडे. मनगट, जिना. मनगट, जिना. त्यात माझ्या बीटातल्या, माझ्याच गस्तीतल्या एका वस्तीवरची बाई होती. मोजकी घरं, एकावरही माळा नाही. "ही कोण?" मी विचारलं होतं. "तुमचं पत्र एकीच्याच नोंदीसाठी आहे काका," म्हणत बाईंनी पडदा बंद केला होता. नियमाने बरोबरच होतं.

एकट्याचं खोटं मी आयुष्यभर पकडलं. पण सगळ्यांनी मिळून बोललेलं खोटं नोंदीत जाऊन खरं होऊन बसतं, आणि त्यापुढं पोलिसाचं काही चालत नाही. एवढंच मी त्या गुन्ह्यात शिकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकल काढली आणि त्या वस्तीवर गेलो. एका दारात एक बाई उभी होती, उजवा हात प्लॅस्टरमध्ये.

"कशानं मोडला, ताई?"

तिनं आधी घरात बघितलं. "जिन्यावरनं पडले."

वर पत्रा तापत होता. मी पत्र्याकडं बघितलं, तिनंही बघितलं.

"उन्हाचं आलाय दादा, पाणी घ्या," ती म्हणाली आणि डाव्या हातानं तांब्या पुढं केला.