नाशिकचे समुद्रतज्ज्ञ

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दोन गोष्टी साचायच्या, धूळ आणि किस्से. धूळ निदान तपासणी समिती येणार म्हटल्यावर झटकली जायची. किस्से मात्र साचतच गेले, आणि त्यातले निम्मे तर एकट्या सरांचे!

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांनी खटपट करून एक प्रोजेक्ट मिळवला. विषय काय, तर भर समुद्रात तरंगणाऱ्या शेवाळात अडकलेलं प्लास्टिक. नाशिकमध्ये बसून! मी तिथे नवा लेक्चरर होतो. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलंच, "सर, नाशिकला समुद्र कुठे?"

"संशोधकाला समुद्र लागत नाही," सर म्हणाले, "दृष्टी लागते."

दृष्टीचं माहीत नाही, पण मुंबईला जाताना कसारा घाटात या माणसासाठी दर दोन वळणांनी गाडी थांबवावी लागायची.

*

प्रोजेक्टचं खरं काम करायची सुनंदा. सटाण्याची मुलगी, सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. एका संशोधन जहाजावरून शेवाळाचे नमुने काचेच्या सीलबंद बाटल्यांतून यायचे. ती चिमट्याने एकेक पान सोडवून प्लास्टिकचे कण शोधायची. डोळे लाल होईपर्यंत.

एकदा ती गावी गेली होती. परत येऊन बघते तर सगळं शेवाळ प्लास्टिकच्या बरण्यांत!

"काच फुटते गं," सर म्हणाले. "या बरण्या कशा टिकाऊ आहेत बघ!"

प्लास्टिक शोधायचे नमुने प्लास्टिकमध्ये! सगळी खेप फुकट गेली. सुनंदाने बरण्या धुऊन ठेवल्या. मीच चिडचिड करत बसलो.

*

मग निळ्या धाग्यांचं प्रकरण. नवीन नमुने आले आणि प्रत्येकात बारीक निळे धागे सापडायला लागले. सरांनी लगेच पत्रकाराला बोलावलं. "अरबी समुद्रात निळं संकट!" चांगली अर्धं पान बातमी आली, फोटोसकट. फोटोत सर मायक्रोस्कोपवर ओणवे झालेले, अंगात काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, विणलेला निळा स्वेटर. अ‍ॅक्रिलिकचा!

सुनंदाने भिंग घेऊन आधी फोटो बघितला, मग स्वेटर बघितला. "सर, थोडे दिवस लॅबमध्ये शाल घ्याल का?"

थंडी संपली. स्वेटर कपाटात गेला आणि समुद्रावरचं निळं संकटही टळलं.

*

यानंतरचं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. जहाजावर आमच्या विभागाला एक जागा मिळाली. एकच. ती सुनंदाचीच होती, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. तिचे वडील सटाण्याहून कांदे घेऊन आले आणि दारातूनच अहिराणीत विचारू लागले, "सर, मनी पोर समुद्रवर जाई ना?"

"मुलींना समुद्र झेपत नाही हो," असं म्हणून सरांनी कांदे ठेवून घेतले. आणि गेले स्वतः!

काय दिवे लावले ते नंतर जहाजावरच्या एकाने मला फोनवर सांगितलं. सर पहिल्या दिवशी जे केबिनमध्ये आडवे झाले ते बंदर आल्यावरच उठले. मधे एकदा कठड्यापर्यंत आले होते, ते फोटोपुरते. जाळी टाकली खलाशांनी, बाटल्या भरल्या खलाशांनी. स्टेशनवर हार मात्र सरांच्या गळ्यात.

*

त्या बाटल्या सुनंदाने उघडल्या. एका शेवाळाच्या गुंत्यात एक अख्खी कॅरीबॅग होती. तोंड निळ्या लोकरीने बांधलेलं, आणि वर दुकानाचा पत्ता छापलेला: द्वारका, नाशिक.

सर अक्षरशः नाचले. "नाशिकचं प्लास्टिक भर समुद्रात! आपल्या गोदावरीतून गेलं! हा तुझ्या प्रबंधाचा कळस!"

"सर, गोदावरी पूर्वेला जाते," सुनंदा हळूच म्हणाली. "बंगालच्या उपसागराला. आणि ही बॅग अरबी समुद्रातली आहे."

"नदी पूर्वेला जाते. प्लास्टिक कुठेही जातं!" सर कडाडले. "सेमिनारमध्ये ही स्लाईड दिसली नाही, तर प्रबंधावर माझी सही विसर."

इतक्या वर्षांची मेहनत या माणसाच्या पेनाच्या टोकावर! मी भांडायला निघालो होतो, सुनंदानेच अडवलं. "दाखवते ना. सर म्हणतात तर दाखवते."

*

सेमिनारच्या दिवशी सकाळीच तिने सरांची सही घेतली. संध्याकाळी हॉल भरला. गोव्याहून परीक्षक आले होते. पहिल्या रांगेत काकू, येवल्याची पैठणी नेसून. त्यांना आमंत्रण द्यायला सुनंदा मुद्दाम घरी गेली होती.

पडद्यावर ती कॅरीबॅग आली, भिंतभर मोठी. निळ्या लोकरीची गाठसुद्धा स्पष्ट.

परीक्षकांनी चष्मा वर केला. "नाशिकची बॅग अरबी समुद्रात पोहोचली कशी?"

"सरांचं म्हणणं आहे," सुनंदा शांतपणे म्हणाली, "गोदावरीतून."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सर मान डोलवत हसत होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला.

"अगं, गोदावरीतून कशाला? चिवडा भरून मीच नव्हती का यांच्या बॅगेत ठेवली!"