डोणीतलं पाणी

आमच्या हिर्डोशीकडं उन्हाळ्यात झऱ्यापाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. निम्मा जन्म माझा तिथंच गेला. त्यामुळं पाणी वतून द्यायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. ही सबब नव्हे, पुढचं कळावं म्हणून सांगते.

त्या भादव्यात आरोग्य केंद्राची आशाताई आली. गावातलीच सून, तोंडानं फटकळ. अंगणातल्या पिंपाचं झाकण काढून म्हणाली, "आजी, आठवड्यातनं एकदा हे पार रिकामं करायचं. कोरडा दिवस पाळायचा. साठल्या पाण्यात डास अंडी घालत्यात."

"अगं, गाळून भरते मी. डास गटारीत व्हत्यात."

"ते येगळे. ह्यास्नी तुमच्यावानीच चोख पाणी लागतं."

हसले मी. पण कोरडा दिवस पाळला हो. दर शुक्रवारी पिंप घासून पालथं घातलं. फक्त पाणी फेकलं नाही. गोठ्यामागं दगडी डोण आहे, म्हशीला पाणी पाजायची. बादली बादली करून त्यात नेऊन वतलं. पावसाच्या दिवसांत म्हस ओढ्यावरच पाणी पिऊन येते, डोणीला तोंडसुद्धा लावत नाही, हे मला दिसत होतं. पण पाणी वाया गेलं नाही, एवढ्यावरच मी खूश.

आधी माझी सून तापली, मग मी. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र धरले ते धरलेच. भोरचा डॉक्टर म्हणाला, चिकनगुनिया. गोळ्या घ्या नि आराम करा. आराम कुठल्या दुकानात मिळतो, ते काही त्यानं कागदावर लिहून दिलं नाही. सुनेला भाकरी थापता येईना, मग धार काढायचं तर लांबच. म्हशीच्या सडाला हात लावला की हिच्या डोळ्यांत पाणी. माझी बोटं तर मिटतच नव्हती. मुलगा पुण्यात टेम्पोवर, महिन्यातनं एकदा घरी येणारा.

आणि त्या एका म्हशीच्या दुधावर नातीचं भोरचं कॉलेज चाललेलं. बारावीचं वर्ष. खोली, डबा, एसटीचा पास, सगळं त्यातनंच. नर्स व्हायचं होतं तिला.

"चार दिवस धार काढते न् जाते माघारी," म्हणत ती आली.

मी तोवर शेजारणीवर खापर फोडलं होतं. तिच्या परड्यात जुनी टायरं पडलेली असतात. "तुझ्या टायरांनी आमच्या घरात दुखणं घातलं," म्हणाले.

"व्हय, डासास्नी तुमचा पत्ता म्याच दिला," ती म्हणाली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

मग आरोग्य खात्याचा माणूस तपासायला आला. टायरं बघितली, कोरडी होती. गोठ्यामागं गेला. नातीनं मोबाईलची बॅटरी डोणीवर धरली. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

"आज्जी, हितं पाणी कोण वततं?" तिनं विचारलं.

"मी," म्हणाले.

तिनं बादलीनं डोण उपसली, फडक्यानं पुसून काढली. बोलली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांचे चार महिने झाले. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली. सून म्हणाली, "म्हस इकू या, आत्या." पण म्हस विकली तर पुढच्या वर्षी कशावर शिकायचं? नात म्हणाली, "बसीन की पुढल्या साली," आणि चरवी घेऊन गोठ्यात गेली. तिच्या वर्गातल्या पोरी पेपरला गेल्या, त्या दिवशीही ती गोठ्यातच होती.

शेजारणीला अजून मी खरं सांगितलेलं नाही.

आता शुक्रवारचं पिंप नातच रिकामं करते. माझ्या डोळ्यांदेखत सगळं पाणी अंगणात वतून देते, शेवटच्या तांब्यापर्यंत. माझ्या तोंडाशी येतं, अगं थांब, तेवढं झाडाला तरी घाल. मी दुखऱ्या हातांची घडी घालून गप बसते.