बैठकीचं मटन

लखीकाका गेला तवा लोकं म्हनत, मोठा गरीब मानूस, कधी कोनाले उलटून बोलला नाई. खोटं हाय ते. त्याच्यासारखा भांडखोर मानूस आमच्या तांड्यात नोयता.

आमचा तांडा मानोऱ्याकडं, डोंगराच्या पायथ्याले. डोंगरातून झिरा येते. उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावात टँकर फिरे, पन आमच्या बाया झिऱ्यावर हंडे भरत. लखीकाका जवानीत वणीकडं कोळशाच्या उघड्या खदानीत कामाले होता. तिथं त्यानं पाह्यलं होतं, खड्डा खाली गेला तशा भवतालच्या विहिरी कोरड्या पडल्या. "जमिनीचं पोट फाडलं का पानी खाली पयून जाते," म्हने तो. म्हनून गिट्टी खदानीवाला शेठ आमचा डोंगर मांगाले आला, तवा पयला काकाच उभा राह्यला. "हा डोंगर नाई, हे आमची टाकी हाय," म्हने.

तांड्याची रीत अशी का बैठकीत काई ठरलं का बोकड कापाचं. ज्यानं खाल्लं त्याचा होकार. ज्याले पटलं नाई त्यानं उपाशी उठून जावं. खाल्ल्यावर उलटता येत नाई.

खदानीची बैठक झाली त्या दिवशी काका सोयाबीन घेऊन कारंज्याले गेल्ता, त्याले बैठकीचं मालूम नोयतं. एसटी भेटली नाई, उपाशीपोटी आला. तांड्याच्या नायकाच्या अंगनात पंगत बसेल होती.

"ये गा लखीराम, हात धू," गुलाबसिंग नायक म्हने.

"कायचं हाय?"

"बोकडाचं. तुले काय वाघाचं पायजे?"

सारे हासले. नायकाच्या नातवाचं जावळ काढाचं होतं, काकाले वाटलं त्याचंच जेवन. खाल्लं. नळी चोखली. वरून रस्सा मांगतला. हात पुसून राह्यला होता तवा नायक म्हने, "चला, लखीरामबी आला आपल्यात. आता ग्रामसभेत साऱ्यायनं खदानीले एका तोंडानं हो म्हना."

काका लिंबाखाली गेला अन् घशात बोटं घातले. काई निघालं नाई. घरी गोमतीकाकू म्हने, "आता ओकून काय होते? खाल्लं ते खाल्लं. अन् मले वाटीभर आनलं असतं तं काय बिघडलं असतं?"

ग्रामसभेत काका मुंडी खाली घालून बसला. खदान सुरू झाली. सुरुंगानं भांडे वाजत. झिरा मनगटाएवढा होता, तो करंगळीएवढा झाला. दिसे साऱ्यायले, पन साऱ्यायनं खाल्लं होतं, अन् साऱ्यायचे पोरं शेठच्या गाड्यायवर होते. काकाचा पोरगा बादलबी. त्याच्या आधी बादल अन् त्याची बायको शीला दरसाल ऊसतोडीले जात. तिथं फडात शीलाचं एक लेकरू पोटातच गेलं होतं.

खाल्लेलं फिरवाची रीतीत एकच वाट. आपलं बोकड कापाचं, तांड्याले बलवाचं. जो खाईन त्याचा पयला होकार मोडला. काकानं घरचं बोकड कापलं अन् दुपारी घरोघर फिरला.

"या गा जेवाले."

"पोट बिघडलं, भाऊ."

"माहा सोमवार हाय."

"अबे, आज रविवार हाय!"

"मंग उद्याचा आजपासूनच धरला."

कोनी आलं नाई. मटनाचा गंज भरलेला तसाच चुलीवर.

मंग बादल ड्युटीवरून आला, धुळीनं पांढराफक. हातपाय न धुताच बसला. "याडी, वाढ," मायले म्हने.

"हे कायचं हाय तुले मालूम हाय ना?" काकानं इचारलं.

"मालूम हाय, बा. शेठ उद्या गाडीवरून उतरवन. उतरवू दे. सकाळी झिऱ्यावर गेल्तो. एक हंडा भराले किती येळ बसलो मी."

त्यानं भाकर मोडली, रश्शात बुडवली. शीला दारात उभी होती. पुन्हा दिवस गेलेले, पोट दिसून राह्यलं होतं. काकानं तिच्याकडं पाह्यलं. गाडी गेली का पुन्हा कोयता, पुन्हा पाचटाच्या कोपीत राहनं, पुन्हा मोळ्या डोक्यावर. इतके दिवस त्याले वाटे, एक मानूस खाईन तं दुसरा खाईन. तो एक मानूस समोर बसला होता.

काकानं पोराचा हात धरला.

"ठेव तो घास."

"बा, तूच तं..."

"ठेव म्हनतो ना!"

ताट वढून घेतलं.

"मंग बोकड कायले कापलं?" बादलनं इचारलं.

काकानं गंज उचलला. मटन त्यानं डोंगराकडं नेऊन कुत्र्यायले टाकलं. तवापासून खदानीचं नाव काढलं नाई. कोनी काई म्हटलं तं मान हालवे. लोकं त्यालेच गरीब म्हनत.

शीलाले पोरगी झाली, घरीच, धडधाकट. झिरा त्याच्याआधी आटला. आता शेठ टँकर पाठवते, अन् तो बादलच चालवते. या साली काका खाटेवर पडला. शेवटच्या घडीले बादलनं टँकरचं पानी चमच्यानं त्याच्या तोंडात सोडलं. काकानं ते गपगुमान पेलं.